घासणं कमी पडतंय

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, म्हणजे मागाहून कुणी बोल लावायला नको. हा माणूस वाईट नव्हता. मुलीवर त्याचा जीव होता, तिच्यासाठी त्याने आकाशपाताळ एक केलं असतं. आणि तरी त्या मुलीचे दात दोन वर्षं त्याच्या नाकाखाली नासत राहिले. बरं, हा कुणी भाजीवाला नाही की गवंडी नाही, याचा धंदाच दातांचा. लोक अशा वेळी दिव्याखाली अंधार म्हणतात आणि मोकळे होतात. पण अंधार आपोआप पडत नाही, तो कुणीतरी पाडावा लागतो.

त्याला सगळे साचेवाले म्हणायचे. चष्म्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तिथे त्याचं काम चाले. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडात मऊ लगदा दाबून माप घेतात, ते माप ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्याकडे येई. तो त्यात प्लास्टर ओती, आणि तासाभराने लगदा सोलून काढला की हातात अख्खा जबडा. मग त्या जबड्यावर कुणाची कवळी, कुणाची कॅप, कुणाची पट्टी. भिंतीवरच्या फळ्यांवर नंबर घातलेले पांढरे जबडे ओळीने बसलेले असत. निम्म्या शहराने त्याच्यासमोर तोंड उघडलं होतं, आणि त्यातलं एकही माणूस रस्त्यात भेटलं असतं तर त्याने ओळखलं नसतं.

त्याचं नाव होतं ते घासण्याबद्दल. या धंद्यात घासणं म्हणजे काय, तर साचा निघाला की त्याच्या कडा चाकावर उतरवायच्या, मग जाडा कागद, मग बारीक कागद, शेवटी साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. बाकीचे कारागीर दोन हात मारून सोडून देतात. हा तसा नव्हता. याच्या साच्यावर माशी बसली तर पाय घसरून पडेल, असं डॉक्टरमंडळी गमतीने म्हणत, आणि तो वरवर लाजून आतून फुगत असे.

मुलगी एकुलती एक. पुढचे दोन दात एकमेकांवर चढून ओठाबाहेर आलेले, म्हणून लहानपणी तोच तिला लाडाने खारू म्हणायचा. लाडाचं नाव शाळेत पोचलं आणि तिथे त्याचं काय व्हायचं ते झालं. दहाव्या वर्षी ती ओठ मिटून हसायला शिकली. विनोद झाला की पोरीचे खांदे हलायचे, डोळे हसायचे, ओठ मात्र शिवल्यासारखे. बापाला ते बघवत नसे. चौदावं लागलं तसं त्याने तिला आपल्या ओळखीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं आणि तारा बसवून घेतल्या. परत येताना बसमध्ये तिला म्हणाला, "दोन वर्षं. मग तू तोंडभर हसायचं आणि मी डोळे भरून बघायचं. दुसरं काही मला नको." तिने मान हलवली आणि त्या दिवसापासून दिवस मोजायला घेतले.

डॉक्टरबाईंनी सगळं नीट शिकवलं होतं. दर खाण्यानंतर ब्रश. तारेच्या वर तिरका धरून एकदा, खाली तिरका धरून एकदा. बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू वाटावं असा एक इवला ब्रश, तो तारेखालून घालून प्रत्येक फटीत फिरवायचा. गोळ्या, चॉकलेटं, गोड सरबतं बंद. आरशासमोर चार मिनिटं मोजून. पोरीने ते मनावर घेतलं आणि पहिल्याच महिन्यात असं जोर लावून घासलं की दातावर चिकटवलेला एक चौकोनी ठोकळा, ज्याला ब्रॅकेट म्हणतात, तो सुटून बेसिनमध्ये पडला. पुढच्या आठवड्यात टणक बिस्कीट चावताना दुसरा.

तेव्हा साचेवाल्यातला कारागीर जागा झाला. बाप त्या वेळी कुठे गेला होता देव जाणे. सुटलेला ठोकळा तळहातावर घेऊन तो तिला म्हणाला, "हे बघ, जोडलेल्या कामाला धक्का लावायचा नाही. एकदा जोडलं की हात लांब. पुन्हा एक जरी सुटला ना, तर तारा काढून टाकायला सांगेन, मग बस जन्मभर ओठ मिटून." बोलायचं म्हणून बोलला. माणूस रागात असं बोलतो आणि जेवायला बसेपर्यंत विसरतो. पोरं विसरत नाहीत, हे त्याला कुणी सांगायचं.

त्यानंतर बारा दिवस तिने भीत भीत घासलं. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. रक्त आलं म्हणजे आपण धक्का लावतोय, असं तिला वाटलं. खरं तर नीट न घासल्यामुळेच हिरड्या सुजल्या होत्या, पण चौदा वर्षांच्या पोरीला ते कसं कळावं. तिने ब्रश ओला करून परत पेल्यात ठेवायला सुरुवात केली, आणि नुसत्या गुळण्या. काही दिवसांनी ब्रश ओला करायचंही सोडलं.

आई टपाल कचेरीत कामाला. ती पहाटेच घर सोडी, त्यामुळे सकाळचं काही तिच्या डोळ्यांसमोर होत नसे. पण बाईची नजर ती. एका रविवारी पेल्यातला ब्रश उचलून ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, हा आठ महिन्यांपूर्वी आणला होता. याचा एक केस वाकलेला नाही."

"हाताने हलकी आहे ती. माझ्यावर गेलीय," तो कौतुकाने म्हणाला.

"आणि उशीच्या अभ्र्यावर लाल डाग कसले पडतात? विचारलं तर म्हणते काही नाही. तुम्ही एकदा तिचं तोंड उघडून बघा."

यावर तो उठला आणि त्याने कपाटावरून चार साचे उतरवून टेबलावर ओळीने मांडले. दर तीन महिन्यांनी डॉक्टरबाई खारूच्या दातांचं माप घेत; त्याचा एक साचा त्यांच्याकडे परत जाई, दुसरा हा घरी आणी. तशी गरज नव्हती, पण यानेच हट्ट धरला होता. दात कसे सरकतात ते त्याला टप्प्याटप्प्याने बघायचं होतं. "हा पहिला. हा आत्ताचा. वरून बघ. कमान कशी येतेय बघ, कंपासने काढल्यासारखी. आणि तू म्हणे तोंड उघडा. रोज उघडतो मी."

तिने बघितलं. साचे खरंच सुरेख होते. पहिल्यात दात एकमेकांच्या अंगावर पडलेले, चौथ्यात जवळजवळ रांगेत. दातांतलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून ती कामाला लागली, आणि हे गप्प बसणं तिला पुढे फार जड गेलं.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. प्लास्टरला रंग नसतो. किडलेला दात आणि निरोगी दात, साच्यात दोन्ही सारखेच पांढरे. शिवाय माप घेताना लगदा तारांत अडकू नये म्हणून डॉक्टरबाई ब्रॅकेटवर आणि हिरडीच्या कडेपर्यंत मेणाची पट्टी दाबत. म्हणजे साच्यात दातांचा पुढचा भाग यायचाच नाही, तिथे नुसता गुळगुळीत उंचवटा यायचा. जिथे नासाडी चालली होती, नेमकं तेवढंच झाकलेलं. साचेवाल्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सगळं ठाऊक होतं. पण तो वरून बघत होता आणि त्याला कमान दिसत होती.

सहाव्या मापाबरोबर चिठ्ठी आली. डॉक्टरबाईंचं अक्षर, घाईघाईतलं, दोनच वाक्यं. "घासणं कमी पडतंय. लक्ष द्यावं."

त्याने ती तीनदा वाचली आणि त्याचे कान तापले. वीस वर्षांत त्याच्या घासण्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. कवळीचं माप चुकलं असेल, रंग फिका पडला असेल, ते त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. पण घासणं? आणि तेही स्वतःच्या मुलीच्या साच्याचं? त्या दिवशी त्याने बाकीची कामं बाजूला सारली. कडा पुन्हा उतरवल्या, तीन तऱ्हेचे कागद फिरवले, साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी फडक्याने असा चोळला की साचा चिनीमातीच्या बशीसारखा चमकायला लागला. तो त्याने स्वतः डब्यात घालून पाठवला.

दोन दिवसांनी डॉक्टरबाईंचा फोन आला. बाहेर पेशंटची रांग, त्यामुळे बोलणं तुटक.

"साचेवाले, चिठ्ठी वाचलीत ना?"

"वाचली, बाई. मनाला लागली, खोटं कशाला बोलू."

"लागायलाच हवी. तुमच्या घरात तरी असं व्हायला नको होतं. आता तुम्ही स्वतः लक्ष घाला."

"स्वतःच घालतोय. दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही. पुन्हा तक्रारीला जागा ठेवणार नाही."

"मग मला काळजी नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांना वाटलं, बाप पोरीला समोर बसवून रोज दात घासून घेतोय. त्याला वाटलं, साचा पोचला आणि बाईंचं समाधान झालं. दोघं एकच शब्द बोलले आणि दोघांनी आपापला अर्थ घरी नेला. कुणी मुद्दाम ठरवलं असतं तरी इतकं चोख जमलं नसतं.

घरात मात्र काहीतरी बदलत चाललं होतं. खारू जेवायला सगळ्यांच्या मागून बसायला लागली. मऊ भात, केळं, दुधात बुडवलेला पाव, तेवढंच. बोलताना मान खिडकीकडे. बापाने काही विचारलं की हूं नाहीतर अंहं. आई शेजारी बसली की ती हळूच सरकून बसे, आणि ती सरकली की मागे एक वास राही, फुलं काढून घ्यायची राहून गेलेल्या फुलदाणीतल्या पाण्यासारखा. आईने दाताच्या कण्या केल्या, काय होतंय ते सांग म्हणून. पालथ्या घड्यावर पाणी. "वयात आलीय," साचेवाला म्हणाला. "या वयात मुली गप्प होतात." परीक्षेचं निमित्त करून तिने डॉक्टरबाईंच्या दोन भेटी बुडवल्या, तेही या दोघांना कळलं नाही.

सातवं माप आलं, पुन्हा चिठ्ठी. "घासण्यात काहीच फरक नाही. असंच चाललं तर अवघड आहे."

आता मात्र तो भडकला. काम काढून घ्यायची धमकी देतात की काय, असं त्याच्या मनात आलं. चिठ्ठीचा बोळा करून त्याने टोपलीत टाकला, गावातल्या सगळ्यांत महाग बारीक कागदाचं बंडल आणलं आणि खारूचा जबडा घेऊन बसला.

तेवढ्यात खारूच जिना चढून आली. शाळा सुटल्यावर ती सहसा इकडे येत नसे. दप्तर न उतरवता दारातच उभी राहिली. थोडा वेळ त्याचं काम बघत राहिली, मग म्हणाली, "बाबा, प्लास्टर आतून सडतं का?"

"प्लास्टर कसलं सडतंय," तो हसला. "आपण जाऊ, ते राहील."

"आणि घासलं नाही तर?"

"घासलं नाही तर नुसतं दिसायला खडबडीत. बाकी काही होत नाही."

ती एक पाऊल आत आली. ओठ मिटलेलेच होते. "माझे दात बघायचेत तुम्हाला?" तिने विचारलं.

त्याने हातातला साचा तिच्यापुढे धरला. "हे काय, बघतोयच की."

तिने साच्याकडे बघितलं. मग पायऱ्या उतरून गेल्याचा आवाज आला. कागद हातात तसाच राहिला. हाक मारावी असं वाटलं, हे खरं. पण समोर साचा होता, अर्धा घासलेला, आणि अर्धं काम टाकून उठायची त्याला सवय नव्हती. त्याने चाक सुरू केलं.

तारा काढायचा दिवस उजाडला. आईने रजा टाकली होती, बापाने इस्त्रीचा सदरा घातला होता. खारूला मात्र रात्रभर झोप नव्हती. डॉक्टरबाईंनी तिला खुर्चीवर आडवं केलं, दिवा ओढला आणि तोंड उघडायला सांगितलं. तोंड उघडलं आणि बाईंचा हात मध्येच थांबला. मग पकड घेऊन त्या एकेक ठोकळा सोडवत गेल्या. कट. कट. ठोकळे वाटीत पडत होते आणि दर आवाजाबरोबर आईच्या मुठी आवळत होत्या. साचेवाला खारूच्या डोक्यामागे उभा होता, वरून बघत. कमान अगदी मनासारखी आली होती. त्याचे डोळे भरून आले.

"इकडे या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "समोरून बघा."

तो समोर आला. प्रत्येक दाताच्या मध्यावर, जिथे ठोकळा चिकटवलेला होता तिथे, एक छोटा स्वच्छ चौकोन होता. त्या चौकोनाभोवती खडूसारखा मेलेला पांढरा रंग, त्याच्याभोवती तपकिरी, आणि हिरडीच्या कडेला काळे खड्डे. हिरड्या सुजून दातांवर चढलेल्या. बाईंनी टोकदार सळई एका खड्ड्याला नुसती टेकवली तर ती आत गेली, पिकलेल्या फळात जावी तशी. खारूने डोळे घट्ट मिटले.

"मी दोनदा लिहिलं होतं तुम्हाला," बाईंचा आवाज चढला होता. "फोनवर बोललो आपण. तुम्ही म्हणालात, स्वतः लक्ष घालतोय. घासणं कमी पडतंय म्हणून मी—"

"ते," तो म्हणाला. "ते मला वाटलं, साच्याचं."

डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या. थुंकी ओढणारी नळी खारूच्या तोंडात चालूच होती. आई एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. "साच्याचं म्हणजे? काय साच्याचं?" तिला ते कळेना, आणि तिला समजावून सांगायचं काम त्याच्यावरच आलं. त्याने सांगितलं. चिठ्ठी कुठली, आपण काय समजलो, आपण काय घासत बसलो, सगळं. सांगताना त्याला स्वतःची इतकी किळस आली की दोन वेळा थांबावं लागलं.

आई मुलीकडे वळली. "आणि तू का नाही घासलंस गं? एवढं शिकवलं होतं ना?"

खारूने नळी बाजूला केली. "घासलं असतं तर सुटलं असतं," ती म्हणाली. "बाबा तारा काढायला लावणार होते."

जगात इतकी माणसं मूर्खपणा करतात आणि त्याची शिक्षा स्वतः भोगतात. साचेवाल्याची शिक्षा मात्र मुलीच्या तोंडात होती.

डॉक्टरबाईंनी हिशेब मांडावा तसं सरळ सांगितलं. वरचे पुढचे दोन दात आतल्या नसेपर्यंत पोखरलेत, ती नस काढून त्यावर कॅप बसवाव्या लागतील. चार दात भरून निघतील. बाकीचे, आजपासून नीट घासले तर, तगतील बहुतेक. सोळाव्या वर्षी कॅप बसवायची वेळ यावी याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि त्यातला आपला वाटाही त्यांना कळत होता. "कॅपचं काम मी दुसरीकडे देते," त्या हलकेच म्हणाल्या. "तुम्ही नका करू."

"मीच करणार," तो म्हणाला.

"मग रंग आत्ताच घेऊन ठेवा. दात सुकले की रंग फसतो. आणि दिव्याखाली नको, खिडकीपाशी."

त्यांनी त्याच्या हातात रंगपट्टी दिली. पट्टीवर दाताच्या आकाराचे सोळा नमुने असतात, पांढऱ्याच्या सोळा तऱ्हा. कॅपचा रंग मूळ दाताशी जुळायला हवा, म्हणून डॉक्टर पट्टी दाताशी धरून बघतात आणि नंबर चिठ्ठीवर लिहून पाठवतात. त्या नंबरांवर त्याने हजारो कॅप केल्या होत्या. पण पट्टी हातात घेऊन कुणाच्या तोंडासमोर उभं राहायची वेळ त्याच्यावर आजवर आलेली नव्हती.

खारू खिडकीपाशी येऊन उभी राहिली. बाहेर लख्ख ऊन होतं. तो पट्टी घेऊन जवळ गेला आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्या मुलीच्या दातांचा रंग आपल्याला माहीत नाही. आता तो विचारायचा तरी कुणाला. खडूसारखा पांढरा तिचा नव्हता, तपकिरीही तिचा नव्हता. तिचा म्हणावा असा रंग दर दातावर तेवढ्या चौकोनातच उरला होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

"तोंड उघड, बाळ," तो म्हणाला.

तिने ओठ आणखी घट्ट केले. मान वळवली.

"खारू. उघड."

"बाबा, वास येईल," ती म्हणाली.

"येऊ दे."

तिने तोंड उघडलं. वास आला. तो आणखी जवळ सरकला, पहिला नमुना दाताशी धरला, मग दुसरा, मग तिसरा, त्या तांदळाएवढ्या चौकोनाशी जुळवत.